सुपड्याचा तळहात आणि माझी जीभ

सुपडा गेला तेव्हा मी गोष्ट सांगत होतो. जलंबला स्टेशनबाहेरच्या टपरीवर चार-पाच जण होते, चहा दुसऱ्यांदा उकळत होता आणि गोष्ट अशा वळणावर आली होती की ऐकणाऱ्यांच्या हातातले ग्लास तोंडापर्यंत न पोचता मध्येच थांबले होते. तेवढ्यात फोन वाजला. शांतावहिनींचा, म्हणजे सुपड्याच्या बायकोचा. "भाऊ, तुमचे दोस्त गेले," एवढंच त्या बोलल्या आणि फोन कुणीतरी त्यांच्या हातातून घेतला. मी माझा फोन खिशात ठेवला... आणि गोष्ट पुरी केली. शेवटच्या ओळीआधी जेवढं थांबायचं तेवढं थांबलो, मग ओळ टाकली. लोक हसले, एकाला ठसका लागला आणि मग मी उठलो. गोष्ट सुपड्याचीच होती. खामगावात एक माणूस जुन्या कॉम्प्युटरमधून सोनं काढतो, ती. तुमच्यापैकी काहींनी ती ऐकली असेल. मी ती बुलढाण्याच्या कचेऱ्यांपासून जलंबच्या फलाटापर्यंत सगळीकडे सांगितली आहे. ती मीच रचली. त्या गोष्टीने माझ्या मित्राचा शब्द खाल्ला आणि तो शब्द त्याला परत करायला मी आज हा लेख लिहायला बसलो आहे. तो वाचायला तो नाही, ही यातली पहिली लाज. दुसरी लाज अशी की मला ओळखणारे म्हणतील, बाबू पुन्हा सुरू झाला. म्हणून आधीच सांगून ठेवतो. जिथे मी फुगवीन तिथे ते तुम्हाला लांबून दिसेल, मला लपवता येत नाही. जिथे वाक्य साधं, आखूड असेल, तिथे माझ्यावर विश्वास ठेवा.

नाव सुपडा किसन खराटे. नावात सूप आणि आडनावात खराटा. मी त्याला म्हणायचो, तुझ्या आईबापांनी लेकरू नाही, झाडलोटीचं सामान जन्माला घातलं. पण त्या नावामागे एक रीत आहे. आमच्याकडे पूर्वी ज्या घरात लेकरं जगत नसत, तिथे नवं लेकरू झालं की त्याला सुपात घालायचे आणि कचरा टाकायला निघाल्यासारखं उंबऱ्याबाहेर ओढत न्यायचे. शेजारीण पसाभर ज्वारी देऊन त्याला विकत घ्यायची आणि मग परत आईच्या ओटीत घालायची. वर कुणी हिशेब ठेवत असेल तर त्याला वाटावं, हे काही कामाचं दिसत नाही, राहू द्या. सुपड्याच्या आधीची तीन गेली होती. हा राहिला, एकोणसत्तर वर्षं राहिला. "मले तं पह्यल्याच दिवशी भंगारात काहाडलं होतं," तो म्हणायचा, "म्हनून मी कोनत्याच वस्तूले भंगार म्हनत नाई." आणि खरंच म्हणत नसे. दुकानाच्या पाटीवर तो शब्द नव्हता. पाटी अशी होती: 'खराटे. जुने सामान. पाहून सांगू.'

चांदीबाजाराच्या मागच्या गल्लीत, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भिंतीला टेकून हे दुकान होतं. त्याचं शटर वर जाताना असा आवाज व्हायचा की जलंबला उभी असलेली गाडी, सिग्नल मिळाला समजून, निघून जायची. आत डाव्या हाताला घरातलं सामान: नळ, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, कुलपं, पंख्याची पाती, स्टोव्हचे बर्नर. उजव्या हाताला कॉम्प्युटर: डबे, कीबोर्ड आणि जर्सी गाईच्या डोक्याएवढे ते जुने मॉनिटर. मधोमध एक लोखंडी स्टूल, माझं. आणि काउंटरमागे सुपडा, त्याच्या उजव्या हाताचा तळवा वर करून.

त्या तळहातावर मी एक पुराण लिहू शकेन. कुणी काहीही आणलं की तो आधी ते तळहातावर घ्यायचा. वर-खाली करायचा नाही, नुसतं धरायचा. मग एका किल्लीने त्यावर टक् करायचा. "पितळ बोलते, जस्त कुरकुरते," हे त्याचं शास्त्र. मग सुतळीला बांधलेलं चुंबक वरून फिरवायचा. वरून पिवळाधमक नळ आणि चुंबक चिकटलं, की समजायचं आत लोखंड, वर नुसता मुलामा. मग तो गप्प बसायचा. चहा समोर आलेला असायचा, त्यावर साय धरेपर्यंत गप्प. आणि मग निकाल. निकाल तीनच: "चालते", "दमलं" नाही तर "गेलं". दमलं म्हणजे मेलं नाही, दुरुस्त होईल. कॉम्प्युटरलाही हेच. मदरबोर्डवरचे ते छोटे डबे असतात ना, कपॅसिटर, त्यांतल्या एखाद्याचं टोपण फुगलेलं दिसलं की डॉक्टरसारखा म्हणायचा, "पोट फुगलं याचं." आणि गिऱ्हाईक घाबरलं की, "एकाचं पोट फुगलं म्हनून साऱ्या घराले फुकते काय बे? दमलं हाये फक्त."

मी लोकांना सांगायचो की सुपडा नुसतं कुलूप हातात धरून सांगतो, घरातली किल्ली सासूकडे असते की सुनेकडे. ते खोटं. तो किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे पाहून एवढंच सांगायचा की हे कुलूप अंधारात फार वेळा उघडलं गेलंय. पण जे खरं होतं तेही काही कमी नव्हतं. भावाभावांची वाटणी निघाली की दोघंही त्याला घरी बोलवायचे. पंखा, पाण्याची मोटर, तांब्याचा बंब, शिलाई मशीन, एकेका वस्तूला तो हात लावायचा आणि भाव बोलायचा. एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ त्या भावाला मान हलवायचे. घासाघीस नाही. सुपड्याने सांगितलं म्हणजे सांगितलं. एवढीच त्याची इस्टेट होती. मी त्या इस्टेटीला काडी लावली.

आमची ओळख झाली ती शाळेच्या कॉम्प्युटरवरून. मी एका खेड्यातल्या शाळेत कारकून होतो. ऑफिसातला कॉम्प्युटर एके दिवशी उठेना. मुख्याध्यापक म्हणाले, निर्लेखन करून टाका, डेडस्टॉकातून काढा. मी तो डबा ऑटोत मांडीवर घेऊन खामगावला आलो, नवी नवरी सासरी आणावी तसा जपत. सुपड्याने तो उघडला, आतली एक हिरवी पट्टी उपसली आणि विचारलं, "बाबू, खिशात खोडरबर हाये काय?" कारकुनाच्या खिशात खोडरबर नसेल तर तो कसला कारकून! त्याने त्या पट्टीची कड खोडरबराने घासली, फुंकली आणि परत लावली. कॉम्प्युटर झोपेतून उठलेल्या म्हशीसारखा अंग झटकून उभा राहिला. मी पैसे विचारले. "खोडरबराचे घेऊ काय? थे तं तुह्यंच हाये." मग त्याने अशीच दुसरी पट्टी उजेडात धरून मला तिची कड दाखवली, पिवळ्या दातांची ओळ. "हे पिवळं दिसून राह्यलं ना, हे सोनं हाये."

"खरं सोनं?"

"खरं. पन इतकंसं का मुंगीच्या पायातल्या घागऱ्या नाई होनार त्याच्या. आन काहाडाले तेजाब लागते. हात जळते, छाती जळते, नालीतलं पानी बकरी पेली त बकरी मरते. म्या नाई करत थे धंदे."

यातलं पहिलं वाक्य मी घरी नेलं. बाकीची दुकानातच ठेवली.

गोष्ट कशी वाढली ते मला आठवतं, कारण मीच तिला चारा घातला. पहिल्यांदा सोनं गुंजभर होतं. मग मासाभर झालं. दिवाळीपर्यंत तोळा झाला. चांदीबाजारातले सराफ तोंडावर उपरणं टाकून मागच्या दाराने सुपड्याकडे येऊ लागले, कसोटीचा दगड सदऱ्यात लपवून. सुपड्याच्या मांजरीने एकदा कीबोर्ड चाटला तर तिच्या मिशा पिवळ्या झाल्या. आणि शेवटची ओळ, जिच्या आधी मी थांबायचो ती: "शांतावहिनींचा पोळपाट हलत होता, पोळी गोल येईना. तर सुपड्याने पोळपाटाच्या पायाखाली काय लावलं? सोन्याची वीट!" हशा कोसळायचा. त्या ओळीची गंमत अशी होती की पोळपाट खरा होता. सुपड्याच्या घरी मी शंभरदा जेवलो. वहिनींच्या पोळपाटाचा एक पाय झिजलेला होता आणि त्याखाली त्या घडी घातलेला पुठ्ठा सरकवायच्या. खऱ्यातलं एवढंसं उचललं की खोटं कसं टणक होतं, हे मी आयुष्यभर शिकत आलोय.

सात-आठ वर्षांपूर्वी रोहिणखेडला बायकोच्या नात्यात लग्न होतं. पंगतीला बसलो, आजूबाजूला पाहुणे, मी सुरू झालो. भाजी वाढणारी एक बाई बादली घेऊन माझ्यासमोर इतका वेळ उभी राहिली की पत्रावळीतला भात वाट पाहून वाळला. गोष्ट संपली, सगळे हसले, ती हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "हे खामगावचंच काय हो भाऊ?" मी म्हटलं, "हाव." "चांदीबाजाराच्या मांगचं?" "तेच." मला बरं वाटलं. कुणीतरी इतकं मन लावून ऐकलं!

तिचं नाव बेबीबाई. एकरभर वांगी-मिरची, त्यावर सगळं घर. मुलगा खामगावला शिकायला खोली करून राहिलेला. त्याला कॉम्प्युटर हवा होता म्हणून तिने गळ्यातली एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची माळ, मोडली होती. मुलगा शिकला, पुण्याला नोकरीला लागला, खोली सोडली, कॉम्प्युटर तिथेच राहिला. तो तिने सुपड्याला विकला. सुपड्याने तळहातावर नाही, पण दोन्ही हातांनी उचलून पाहिला, भाव सांगितला आणि ती समाधानाने गेली. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी पंगतीत मी फक्त बादली पाहिली होती.

आठवड्याने ती दुकानात आली. सकाळची वेळ, मी स्टुलावर, चहा समोर. ती आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"माही एकदानी द्या."

"कोनती एकदानी, बाई?" सुपडा म्हणाला.

"माह्या गळ्यातली. थे मोडून म्या पोराले कॉम्प्युटर घेऊन देल्ला. थो तुमाले इकला. आता तुमी त्यातून सोनं काहाडून राह्यले म्हन्ते. मंग थे कोनाचं सोनं? माह्यंच ना?"

हसू नका. मी तेव्हा मनात हसलो होतो, म्हणून सांगतो. तिचा हिशेब सरळ होता: सोनं घातलं, सोनं निघालं. चूक तिची नव्हती. सुपडा हसला नाही. तो कॉम्प्युटर अजून विकला गेला नव्हता. त्याने तो फळीवरून उतरवला, स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं. "पाहा बाई, जसाच्या तसा हाये. काईच नाई काहाडेल." गल्लीतली माणसं जमली. समोरचा ताडपत्रीवाला पुढे आला, त्याला तमाशा फार आवडायचा. "इतकं लांबोऊन काऊन राह्यला बे सुपडा? त्यात सोनं असते का नसते, थे सांगून टाक. पाटीवर लिहेल हाये ना, पाहून सांगू?"

सुपड्याने त्यातली हिरवी पट्टी काढून तळहातावर घेतली आणि गप्प बसला. मला कळत होतं, एक 'नाही' म्हटलं की विषय मिटतो. दोन अक्षरं. कुणीही म्हटलं असतं. मी तर झोपेत म्हटलं असतं. पण त्या माणसाने वस्तू हातात असताना कधी खोटं सांगितलं नव्हतं. चहावर साय धरली.

"हाये," तो म्हणाला. "पन—"

तो 'पन' पुढे गेलाच नाही. गल्ली एकदम बोलायला लागली. बेबीबाईचा आवाज सगळ्यांच्या वर: "पाह्यलं? आन घरी पोळपाटाखाली इट हाये म्हन्ते सोन्याची!"

तेव्हा सुपड्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या स्वयंपाकघरात बाहेरचा एकच माणूस जेवला होता. त्याला दुसरा पुरावा लागला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली, वस्तू हातात घेऊन पाहायचा तशी. मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं की बाई, ही थाप माझी आहे. पण सगळी गल्ली माझ्याकडे पाहत होती. आणि लोक माझ्याकडे पाहायला लागले की माझ्या जिभेला काय होतं ते मला सांगता येत नाही. मी म्हणालो, "अहो ताई, सोनं असतं तर याच्या पायात सुतळीने बांधलेली चप्पल असती काय?" लोक हसले. ताडपत्रीवाला म्हणाला, "दडवाले तेच तं लागते बाबू!" लोक आणखी हसले. झालं. त्या हसण्याने गोष्टीवर शिक्का बसला.

सुपडा बेबीबाईला म्हणाला, "घेऊन जा बाई हा. पैसे नोको देऊ." ती म्हणाली, "सोनं काहाडेल खोकं काय करू मी? चुलीत घालू?" आणि पदर तोंडाला लावून गेली. मी चहा प्यायला. थंड झाला होता, तरी प्यायला.

त्यानंतर महिन्याभरात पाटीवरचे शेवटचे दोन शब्द गेले. त्याने स्वतः त्यांवर हिरवा रंग मारला. खाली 'पाहून सांगू' अजून पुसट दिसत असे. काउंटरवर एक इलेक्ट्रॉनिक काटा आला, लाल आकड्यांचा. कुणी काही आणलं की सुपडा बोट दाखवायचा: "वजनानं घेतो." लोखंड लोखंडाच्या भावाने, पितळ पितळेच्या, कॉम्प्युटर किलोवर. वाटणीला त्याला कुणी बोलावेना. बोलावलं तरी तो गेला नसता. एकदा एक म्हातारा तांब्याचा बंब घेऊन आला, बापाच्या वेळचा. पूर्वी सुपड्याने त्यावर किल्ली वाजवली असती, डाग कुठे दिलाय ते दाखवलं असतं, ज्याने घडवला त्या तांबटाचा हात ओळखून सांगितलं असतं की इकू नोको बावा, अजून वीस वर्षं पानी तापवीन हा. म्हातारा आशेने पाहत होता. सुपड्याचा तळहात उघडला, अर्ध्यापर्यंत गेला... आणि परत आला. "काट्यावर ठेवा," तो म्हणाला. मी स्टुलावर बसून होतो. रोज बसत होतो. त्याने मला एकदाही 'येऊ नको' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

माफी मागायची मी कितीदा तयारी केली. दारापर्यंत वाक्य अगदी नीट यायचं. आत गेलं की त्याला शेपूट फुटायची, शेपटीला झुपका, आणि पाहता पाहता मी भलतीच गोष्ट सांगत असायचो. एकदाच नेटाने म्हणालो, "सुपड्या, ते रोहिणखेडचं..." त्याने ग्लास पुढे सरकवला. "चहा घे. साय धरून राह्यली." आणि आता सगळ्यात वाईट ते सांगतो. खामगावात मी ती गोष्ट बंद केली, पण बाहेर चालूच ठेवली. बुलढाण्याला पेन्शनच्या कामाला गेलो की तिथल्या रांगेत, एसटीत, कुणाच्या साखरपुड्यात. कारण ती चालायची. हमखास चालायची. दहा वर्षांत माझी दुसरी कुठली गोष्ट इतकी चालली नाही.

शेवटची भेट दवाखान्यात झाली, तो जाण्याच्या बारा दिवस आधी. नाकात नळी, आवाज लहान झालेला. मी खुर्ची ओढून बसलो. तोच म्हणाला, "बाबू, थे पोळपाटाचं चांगलं जमवलं होतं बे तू." मी खाली पाहिलं. "खरंच सांगतो. शांताच्या पोळपाटाकडे पाह्यलं का मले अजून हासू येते." त्याला खोटा भाव सांगता येत नव्हता, माझ्या गोष्टीलासुद्धा. त्याने ती हातात घेऊन पाहिली होती आणि निकाल दिला होता: चालते.

तेराव्यानंतर शांतावहिनींनी बोलावलं. दुकान रिकामं करायचं होतं. "तुमचं काई असन तं घेऊन जा भाऊ." माझं तिथे काय असणार, एक स्टूल. पण वहिनींनी मागच्या फळीवरचं पोतं बाजूला केलं तर खाली एक कॉम्प्युटर, त्याचा मॉनिटर, कीबोर्ड, सगळी वायर गुंडाळून ठेवलेली. डब्याला तारेने चिठ्ठी बांधलेली होती, सुपड्याच्या त्या जाड, उभ्या अक्षरात: 'बेबीबाई, रोहिणखेड. जसाच्या तसा. काई काहाडेल नाई. चालते.' सगळ्या दुकानाचं सामान किलोवर गेलं, हा एक डबा काट्यावर चढला नव्हता. वहिनी म्हणाल्या, "दर दिवाळीले एक डाव चालू करत. आतला घड्याळीचा शेल मरू देत नव्हते. ती येईन म्हनत, नाई तं तिचा पोरगा येईन. तिचं हाये म्हनत, मी सांभाळून राह्यलो फक्त." मी म्हटलं, वहिनी, ती गोष्ट माझी होती. त्या म्हणाल्या, "मले मालूम हाये भाऊ. पोळपाट माहाच हाये ना." आणि आत गेल्या.

भाड्याची गाडी केली. डबा मागे ठेवला नाही, मांडीवर घेतला, पहिल्या दिवसासारखा. रोहिणखेडला बेबीबाई ओसरीत मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. केस पांढरे झाले होते, पण ती मला ओळखायला चुकली नाही. मी उभ्यानेच सांगितलं. गुंज नाही, तोळा नाही, मांजर नाही. मी थाप मारली, तुम्ही ती ऐकली, त्या माणसाने काही काढलं नव्हतं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात आखूड गोष्ट असेल. तिने देठ खुडणं थांबवलं.

"तुमी खोटं बोलून राह्यले भाऊ," ती म्हणाली. "दोस्त मेला म्हनून त्याचं आपल्या आंगावर घेऊन राह्यले."

साठ वर्षं मी खोटं बोललो आणि लोकांनी ऐकलं. त्या दिवशी खरं बोललो आणि पकडला गेलो. मी चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिने ती बोट ठेवून, एकेक अक्षर लावून वाचली. पुन्हा वाचली. मग तिने जागा करून दिली, आम्ही तारा जोडल्या, बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा निळा झाला. कोपऱ्यात घड्याळ आलं. बरोबर होतं, फक्त चार मिनिटं मागे. बेबीबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं.

"त्या दिसी तुमी तथीच बसेल होते ना? स्टुलावर?"

"हाव."

"मंग?"

मी मॉनिटरची वायर उगाच सरळ करत राहिलो. तिने उठून पेटीतून धुतलेली चादर काढली आणि कॉम्प्युटरवर घातली. निघताना तिने पिशवीभर लाल मिरच्या माझ्या हातात दिल्या. "त्याच्या घरवालीले द्या. आन तिले म्हना, वजन नोको करू."

परवा पुन्हा जलंबच्या टपरीवर गेलो. नवीन दोघे होते. जुन्यांपैकी एकाने त्यांना आधीच तयार केलं होतं. "बाबू, ते सोन्याचं होऊन जाऊ द्या." मी म्हटलं, ती गोष्ट खोटी आहे. सगळे हसले, "वा, आज सुरुवातच नवीन!" ते सरसावून बसले. चहा आला. मी ग्लास समोर ठेवला, उजवा हात टेबलावर ठेवून तळवा वर केला, तो करायचा तसा, आणि गप्प बसलो. ते वाट पाहत राहिले. चहावर साय धरली. कुणी हसलं नाही.